वहीत नसलेली जोडी

ता. ३ फेब्रुवारी

ती. मामास,
कृ. सा. न. वि. वि.

शपथ घेऊन बारा दिवस झाले आणि पत्र आज लिहितेय, तेव्हा आधी कान पकडते. ज्या दारावर तू चौतीस वर्षं उभा होतास, त्याच दारातून मी रोज सभागृहात जाते. तिथला आताचा दारवान मला सदस्य म्हणून ओळखतच नाही. त्याच्या लेखी मी तुझी भाची. बाकी सगळे मला गुरांच्या डॉक्टर म्हणतात. माझं खरं नाव फक्त हजेरीच्या पाटीवर आहे.

आईला वाटतं मी देश चालवते. खरं काय ते तुला सांगते: मी उठते आणि बसते. सभापती सोडले तर आमच्या बाजूचे एकसष्ट आणि समोरचे साठ. म्हणजे सरकार एका माणसावर उभं आहे, आणि पोटनिवडणुकीतून सगळ्यात शेवटी निवडून आलेली मीच असल्यामुळे तो एक माणूस मीच, असं आमचे प्रतोद दिवसातून दोनदा सुनावतात. मतदानाच्या वेळी पक्षाची सगळी डोकी हजर ठेवायची हे त्यांचं काम. पूर्वी ते शाळेत कवायत शिकवायचे, ते अंगातून गेलेलं नाही. परवा मी हात धुवायला गेले आणि मतदानाची घंटा वाजली, तर हे गृहस्थ बाहेर उभे राहून मोठ्याने मिनिटं मोजत होते.

मी कशासाठी आले ते तुला माहीत आहे. रंगाच्या कारखान्यांचं पाणी नदीत सुटतं, आणि त्या उन्हाळ्यात दूधवाल्या बाईंच्या गोठ्यातली एकोणीस जनावरं माझ्या हातात गेली. औषध देऊन देऊन थकले, मग निवडणुकीला उभी राहिले. सरकारने नदीचं विधेयक आणलंय. ते समितीतून बाहेर पडलं की चोवीस मार्चला शेवटचं वाचन, आणि मग कायदा.

माझ्या अगदी समोर विरोधी बाकावर एक शिंपी आहेत. तीस वर्षं निवडून येतायत. माझं पहिलं भाषण झाल्यावर चहाच्या खोलीत येऊन म्हणाले की भाषण बरं होतं, कोटाचा डावा खांदा मात्र चुकलाय. नदीच्या विधेयकाला ते विरोध करणार, कारण त्यांच्या गावातली निम्मी घरं त्या कारखान्यांवर चालतात. इतक्या मायेने मला आजवर कुणी विरोध केला नव्हता.

गुडघ्यांना जप आणि माझ्यावर लक्ष असू दे.

तुझी,
ठकी

ता. ९ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून बरं वाटलं. गुडघे आहेत तिथेच आहेत, जिना मात्र दर महिन्याला एक पायरी वाढवतो.

उठते आणि बसते अशी तक्रार करू नकोस. सगळा कारभार त्या उठण्याबसण्यावरच चालतो. पंतप्रधान म्हणजे लोकांना केवढं प्रस्थ वाटतं, पण त्यांना पंतप्रधान म्हणून कुणी निवडून दिलेलं नसतं. निम्म्याहून जास्त डोकी आज त्यांच्या बाजूला आहेत म्हणून ते आहेत. उद्या नाहीत म्हटलं की मोटार परत करायची. मी सहा पंतप्रधानांना त्या दारातून आत जाताना पाहिलं आणि सहाही जणांना बाहेर पडतानाही पाहिलं. बाहेर पडताना माणूस दारवानाला नमस्कार करतो की नाही, यावर मी त्याची किंमत ठरवत असे.

शिंपी अजून आहेत हे ऐकून आनंद झाला. त्यांच्यावरून आमच्या वेळची एक चाल आठवली. एका बाजूचा सदस्य आजारी पडला, किंवा घरी काही झालं, तर समोरचा एकजण त्याच्याबरोबर बाहेर राहायचा. तुझं एक मत कमी, माझं एक कमी, फरक तोच राहिला. याला जोडी लावणं म्हणत. नियमांच्या पुस्तकात याबद्दल अवाक्षर नाही. माझ्या दारापाशी दोघं यायचे, हातात हात द्यायचे, मला तारीख सांगायचे, झालं. एरवी एकमेकांची सालटी काढणारी माणसं, पण चौतीस वर्षांत एकानेही जोडी मोडली नाही. तू कधी लावलीस तर मला कळव, मला अभिमान वाटेल.

आईला महिन्यातून दोन तरी पत्रं टाक. मला मिळालेलं पत्र तिला दाखवावं लागतं आणि मग ती रुसते.

तुझा,
मामा

ता. ८ मार्च

ती. मामास,
कृ. सा. न. वि. वि.

जोडी लावली, आणि आता त्याच जोडीने मला खिंडीत गाठलंय.

शिंप्यांच्या पित्ताशयात खडे आहेत. पक्षाला एकही मत सोडवेना म्हणून त्यांनी ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं. तीनेक आठवड्यांपूर्वी चहाच्या खोलीत ते कळवळून वाकले आणि मी घाबरले. येत्या गुरुवारी, बाराला, कामकाजात फक्त बंदरांच्या दिव्यांचं काहीतरी होतं. मी म्हटलं, गुरुवारी तुम्ही दवाखान्यात जा, मी बाहेर राहते. तू लिहिलं होतंस अगदी तसंच केलं. दारापाशी हात दिला, दारवानाला तारीख सांगितली.

गेल्या मंगळवारी आमचे नावाडी, म्हणजे ज्यांच्या होड्या चालतात ते सदस्य, बंदराचा गाळ काढला नाही म्हणून तावातावाने बोलता बोलता थांबले. चष्म्याचं घर उचललं आणि मधली मोकळी जागा ओलांडून समोरच्या बाकावर जाऊन बसले. आपल्याकडे पक्ष सोडला तरी जागा जात नाही. आता आम्ही साठ आणि ते एकसष्ट. त्यांनी लगेच अविश्वास ठराव दिला आणि सभापतींनी मतदान ठेवलं गुरुवारी. माझ्याच गुरुवारी.

प्रतोदांना जोडीचं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. जोडी लावायची तर आधी प्रतोदाला सांगायचं, त्याने वहीत लिहिली तरच ती जोडी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शिंप्यांनी त्यांच्या प्रतोदांना सांगितलंय, म्हणून समोरच्यांच्या वहीत आहे. आमच्या वहीत नाही. तेव्हा प्रतोदांच्या मते जोडी झालेलीच नाही आणि मी मोकळी आहे. शिंपी येणार नाहीत, मी मत दिलं तर साठ विरुद्ध साठ. बरोबरी झाली की सभापती आहे ते चालू ठेवण्याच्या बाजूने मत देतात. सरकार वाचतं, चोवीसला नदीचा कायदा होतो. मी बाहेर राहिले तर एकोणसाठ विरुद्ध साठ. सरकार पडतं, सभागृह विसर्जित होतं, आणि अर्ध्यावरची सगळी विधेयकं त्याबरोबर रद्द होतात. पक्षादेश मोडला म्हणून मला काढतील, पुन्हा तिकीट नाही.

एका बाजूला एकोणीस जनावरं आणि एका बाजूला हातात दिलेला हात. मामा, मी गोंधळलेय आणि तुझ्यावर थोडी चिडलेही आहे. गुरुवारच्या आत पत्र पोचेल असं बघ.

तुझी,
ठकी

ता. ९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ठकीने तुला लिहिलं तेच मलाही लिहिलंय, फक्त मला चार ओळींत. तेव्हा आता मीही आडपडदा न ठेवता लिहिते. ते जोडीचं खूळ तिच्या डोक्यात तू भरवलंस, आता काढायचंही तूच.

ती जनावरं मरत होती तेव्हा तू इथे नव्हतास. ठकी सुई टोचायची आणि मी डोकं धरायची. एकोणिसाव्या गाईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दूधवाल्या बाई कोपऱ्यात उभ्या होत्या, रडतसुद्धा नव्हत्या. त्यांना ठकीने शब्द दिलाय, नदी साफ करून देते म्हणून. तो शब्द आधीचा आहे. शिंप्यांचं काय, ते बरे होऊन परत येतील आणि याच विधेयकाविरुद्ध भाषण ठोकतील. वहीत नाही म्हणून मोकळी वाट मिळते आहे तर ती सोडून काट्यातून जायची हौस कशाला.

ती माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. तिला एका ओळीत लिही की मत दे. तुझ्या बहिणीसाठी एवढं कर.

माझी पाठ बरी आहे. तुझ्या गुडघ्यांचं वेगळं विचारत नाही, राग आलाय म्हणून.

तुझी धाकटी

ता. १० मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पहिली गोष्ट, चूक माझी आहे. मी दारावरचा माणूस. हातात हात देताना मी पाहिलं, तेवढंच मी तुला सांगितलं. त्याआधी प्रतोदांच्या खोलीत काय लिहिलं जातं ते मी कधी पाहिलंच नाही. चौतीस वर्षं दारात उभा राहून सगळं कळतं असा माझा समज होता. तुझा राग मान्य आहे.

तुझ्या आईने मला लिहिलंय की तुला मत द्यायला सांग. तिचं दुःख खरं आहे, तेव्हा ती चुकते आहे असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट तुला सांगतो, जी मी तुझ्या मामीलाही कधी सांगितली नाही.

तेवीस वर्षांपूर्वी आम्हा दारवानांना आणि झाडूवाल्यांना आठवड्याची सुट्टी देणारं विधेयक मताला आलं होतं. घंटा थांबली, दारं बंद करा असा हुकूम झाला, आणि जिन्यावरून आमच्या बाजूचे एक सदस्य धापा टाकत वर येताना मला दिसले. मी हातातली किल्ली पाडली. वाकलो, शोधली, पुसली. तेवढ्यात ते आत शिरले. विधेयक एका मताने पास झालं. आम्हाला रविवार मिळाला. सुट्टी न्यायाचीच होती, वर्ष-दोन वर्षांत एरवीही मिळाली असती. पण कितीतरी रविवार मी घरी न बसता त्या बंद इमारतीसमोरच्या बाकावर जाऊन बसलो. मामीला वाटायचं कामाची सवय सुटत नाही. ती सुट्टी आम्ही जिंकली नव्हती, मी ढापली होती.

आता हिशेब तू केलास, पण अर्धाच. शिंपी धडधाकट असते आणि तुम्ही दोघंही आत असता, तर काय झालं असतं? साठ विरुद्ध एकसष्ट. सरकार पडलंच असतं. दोघंही बाहेर राहिलात तरी एकाच मताने पडतं. म्हणजे जोडीने काहीच बदललं नाही, आणि ती असते यासाठीच. तू मत दिलंस तर सरकार तुझ्या मताने वाचणार नाही, त्या माणसाच्या पित्ताशयाने वाचेल. नदीला असा कायदा हवा की नको, ते तू ठरव.

मी एका ओळीत काही सांगत नाही, तुझ्या आईला काय सांगायचं ते मी बघतो. तू जे करशील त्यानंतरही तू माझी भाचीच आहेस, आणि हे पत्र त्यासाठीच धावत टपालात टाकतो आहे.

तुझा,
मामा

ता. १३ मार्च

ती. मामास,
कृ. सा. न. वि. वि.

तू वर्तमानपत्रात वाचलंच असशील. एकोणसाठ विरुद्ध साठ.

तुझं पत्र बुधवारी दुपारी मिळालं. मी प्रतोदांना तिथल्या तिथे लिहून दिलं की तुमच्या वहीत असो वा नसो, माझ्या हातात आहे. काल घंटा वाजली तेव्हा मी दारासमोरच्या बाकावर बसले. घरी जाऊन तोंड लपवायचं नव्हतं. दारवान माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. पाचव्या मिनिटाला प्रतोद बाहेर आले. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत, शेजारी बसले आणि हळू आवाजात एकोणीस जनावरांचं बोलले. माझंच भाषण, माझ्याच शब्दांत. मामा, त्या क्षणी मी खरंच उठत होते. गुडघ्यांवर हातही टेकवले होते. मग मनात आलं की दवाखान्यात तो माणूस या वेळी बेशुद्ध आहे, आणि बेशुद्ध माणसाच्या खिशात हात घालायचा तो हाच. मी हात काढून घेतले. प्रतोद उठून आत गेले. घंटेची आठ मिनिटं संपली आणि दारवानाने किल्ली फिरवली. एक क्षण आधी नाही, एक क्षण नंतर नाही.

पंतप्रधान बाहेर पडताना माझ्याजवळून गेले, बोलले नाहीत. दारवानाला मात्र नमस्कार केला, तो तुझ्यासाठी नोंदवून ठेवते. तासाभरात सभागृह विसर्जित झालं. कार्यालयात एक बाई पट्टी धरून विधेयकांच्या यादीवर रेघा मारत होत्या. चौदा विधेयकं, नववं माझं. तिथून बाहेर पडले आणि कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन पोटभर रडले. पस्तावा म्हणून नाही. वाईट वाटलं म्हणून.

पक्षातून काढल्याचं पत्र आज आलं, टंकलेखनाच्या तीन चुकांसह. आईने उत्तर पाठवलेलं नाही. मी कुठल्याही पक्षाशिवाय उभी राहणार आहे. हरले तर दवाखाना आहेच, गाईंना पक्षादेश लागत नाही.

रागावू नकोस आणि रविवारी घरी बसत जा.

तुझी,
ठकी

ता. ३ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ठकी आली, अडतीस मतांनी. तू रेडिओवर ऐकलं असशील, पण आकड्यामागचं रेडिओ सांगत नाही म्हणून लिहिते.

दीड महिना ती दवाखान्यावरच्या खोलीत राहिली आणि आम्ही दोघी फक्त चहापुरतं बोललो. साखर हवी का, नको. मी तिच्या एकाही सभेला गेले नाही. गावातले लोक तिला तोंडावर बोलत. तिने नदी विकली म्हणणारेही होते. ती उलट बोलायची नाही, घडलेलं सांगायची आणि पुढच्या दारी जायची.

मतदानाच्या आठ दिवस आधी दूधवाल्या बाईंनी मला हाताला धरून चौकातल्या सभेला नेलं. तिथे त्या स्वतः बोलायला उभ्या राहिल्या, जन्मात पहिल्यांदा. म्हणाल्या की पंधरा दिवस मी या पोरीचं तोंड पाहिलं नाही. मग विचार केला, जो माणूस हिच्या विरोधात भाषण करतो त्याला दिलेला शब्द हिने पाळला, वहीत लिहिलेला नसताना पाळला, खुर्ची गेली, विधेयक गेलं. मग माझ्या एकोणीस जनावरांवर हात ठेवून मला दिलेला शब्द ही कशी विसरेल. एवढं बोलून त्या खाली बसल्या. मी घरी येऊन ठकीला विचारलं, साखर हवी का. ती म्हणाली, दोन चमचे. मग आम्ही दोघी बराच वेळ बोलत बसलो.

मी कुणाला मत दिलं ते तुला सांगणार नाही. ते गुप्त असतं, तूच लहानपणी शिकवलंस. अडतिसात एक घरातलं होतं एवढं धरून चाल.

गुडघे कसे आहेत? राग संपला म्हणून विचारते.

तुझी धाकटी

ता. १० मे

ती. मामास,
कृ. सा. न. वि. वि.

लोकांनी काय गंमत केलीय ती पाहिलीस ना. सभापती सोडून साठ विरुद्ध साठ, आणि मधे मी एकटी. ज्याच्या बाजूला मी उठेन तो पंतप्रधान. मार्चमध्ये मला कुणी चहा विचारत नव्हतं, आता खोलीबाहेर रांग आहे.

आधी आमचे जुने प्रतोद आले. झालं गेलं विसरा, पक्षात परत या म्हणाले. मी म्हटलं, पक्षात येणार नाही, पण नदीचं विधेयक सगळ्यात आधी आणत असाल तर बाहेरून पाठिंबा देईन. ते म्हणाले, आधी परत या, मग क्रम ठरवू. मी त्यांना आदराने जिन्यापर्यंत पोचवलं.

मग काल दुसऱ्या बाजूचे नेते आले, आणि त्यांच्याबरोबर आपले शिंपी. निम्मे झालेत रे ते, हातात काठी, पण माझ्या खांद्याकडे बघून मान हलवायला विसरले नाहीत. त्यांनाही मी तेच सांगितलं: आधी नदी, मग बाकी सगळं. नेते तयार झाले आणि त्यांनी खिशातून टंकलेला कागद काढला. पाच वर्षं प्रत्येक विश्वासमताला मी त्यांच्या बाजूने राहीन, खाली माझी सही. अस्थिर दिवस आहेत, तोंडी शब्दावर कसं चालणार, असं म्हणाले.

मी काही बोलायच्या आत शिंप्यांनी तो कागद उचलला, लांब धरून वाचला, चार घड्या घातल्या आणि स्वतःच्या आतल्या खिशात ठेवला. नेत्यांना म्हणाले की यांची सही घ्यायची गरज नाही. मी ऑपरेशनच्या टेबलावर होतो तेव्हा त्यांनी ती करून ठेवली आहे. आणि त्याच दमात मला म्हणाले की विधेयक आलं की मी विरोधात बोलणार, ते गृहीत धरा.

नेते हसले, जरा ओशाळले, आणि हात पुढे केला. मी हात दिला. मग टेबलावरचा कोरा कागद त्यांच्यासमोर सरकवला आणि म्हटलं, माझी सही नको हे खरंच, तुमची मात्र हवी. पहिल्या दिवशी पहिलं काम नदीचं विधेयक, असं लिहा. तुम्हाला मी अजून ओळखत नाही.

त्यांनी शिंप्यांकडे पाहिलं. शिंप्यांनी खिशातलं पेन काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी लिहिलं आणि सही केली. तो कागद मी आज आईला पाठवला, दूधवाल्या बाईंना वाचून दाखव म्हणून.

तुझा लोभ इतका आहे की वाढव म्हणायची सोय नाही, तेवढाच राहू दे.

तुझी,
ठकी